अथेन्स ते स्पार्टा : एका नागपूरकराची दौड

इ. स. पूर्व ४९० मध्ये इराणी सैन्य ग्रीसच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा अथेन्सच्या सेनापतींनी मदतीची याचना करण्यासाठी आपला एक जासूद स्पार्टा नगरीस धाडला. त्याचे नाव फिडिपिडीस. हेरोडोटस हा इतिहासकार लिहितो की, निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो स्पार्टास पोचला. तेथील लोकांनी त्याचे म्हणणे आदराने ऐकून घेतले. परंतु पौर्णिमा झाल्यावाचून आम्हांस धर्माज्ञेमुळे बाहेर पडता येत नाही, असे उत्तर त्यास मिळाले. मॅरेथॉनच्या रणांगणावरून अथेन्सपर्यंत धावत येऊन, विजयाची वार्ता सांगून, तेथेच प्राण सोडणाऱ्या दूताची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. ती मात्र हेरोडोटसने लिहिलेली नाही. ती त्याच्यानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या ग्रंथांतून आपणांपर्यंत आली आहे. म्हणजे जिच्या स्मरणार्थ जगभर बेचाळीस किलोमीटरच्या शर्यती होतात ती दौड कदाचित झालीच नसेल. आणि जी झाली असे मानण्यास बराच आधार आहे, ती तिच्या जवळजवळ सहापट लांबीची होती!

हे अंतर माणसास दीड दिवसात खरोखर तोडता येईल काय, अशी शंका इंग्लंडच्या हवाई दलातील जॉन फोडेन नावाच्या अधिकाऱ्यास आली. ग्रंथ चाळून ती फिटेना, म्हणून १९८२ च्या ऑक्टोबरात तो चार सहकाऱ्यांसह अथेन्सहून निघाला. पाचांपैकी तिघे स्पार्टास पोचले. स्वतः फोडेनला साडेसदतीस तासांहून थोडा अधिक वेळ लागला. हेरोडोटसचे विधान खरे असू शकते, एवढे सिद्ध झाले. पुढल्याच वर्षी, १९८३ मध्ये, ह्या मार्गावर रीतसर शर्यत सुरू झाली. तिचे नाव स्पार्टाथलॉन. अंतर २४६ किलोमीटर, मुदत ३६ तास.

नागपूरहून अमरावतीवरून अकोल्यास जाणारी सडक जवळजवळ एवढ्याच लांबीची आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या आकड्याचा अर्थ कळतो. सकाळी सात वाजता येथून पायी निघावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी सातच्या आत अकोल्यास हजर व्हावयाचे. मध्ये झोप नाही, आणि वाटेत चिखलदऱ्याहून थोडा उंचच असा एक डोंगर रात्रीच्या अंधारात ओलांडावयाचा.

ही शर्यत मुदतीत पुरी करणारे पहिले भारतीय म्हणून २०१६ साली ज्यांचे नाव झाले, ते श्री. कीरन डिसूझा हे आपल्या नागपूरचे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर, सपाट मैदानात वसलेले. सेमिनरी हिल्सला आपण टेकडी म्हणतो ते केवळ आसपास दुसरे काही उंच नाही म्हणून! अशा गावी वाढलेला मुलगा पुढे शिक्षणासाठी बंगळूरास जातो, तेथे लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळतो, आणि अखेर हिमालयाच्या पायथ्याशी, मनालीस, राहून डोंगरात धावणे हाच आपला उद्योग करतो, हा क्रम नवलाचा खरा. क्रिकेटच्या खेळाडूस जो मान व जे द्रव्य मिळते, त्याचा अल्पांशही ह्या वाटेवर नाही. प्रेक्षकही नाहीत. रात्री दोन वाजता ग्रीसच्या एखाद्या खेड्याबाहेर टाळ्या वाजवावयास कोण उभे राहणार?

स्पार्टाथलॉनमध्ये कोणासही नुसती वर्गणी भरून उतरता येत नाही. त्याआधी दुसऱ्या लांब शर्यतींत ठरावीक वेळ साधून आपली पात्रता दाखवावी लागते. वाटेवर पंचाहत्तर चौक्या असतात, आणि प्रत्येक चौकीस तिची स्वतःची मुदत असते. ती टळली की धावपटूस तेथेच थांबवून मोटारीत बसवितात. पात्रता सिद्ध करून आलेल्यांपैकीही पुष्कळ जण दरवर्षी वाटेत गळतात. अथेन्सपासून सुमारे ऐंशी किलोमीटरांवर करिंथ लागते. शर्यतीत धावतात पुष्कळ, पण बक्षीस एकासच, असा दाखला प्रेषित पौलाने ज्या करिंथकरांस पत्रात लिहून पाठविला, तेच हे नगर. ह्या शर्यतीचा दंडक मात्र निराळा. स्पार्टात लिओनिडास राजाचा पुतळा आहे. मुदतीच्या आत येऊन जो जो त्याच्या पायास स्पर्श करील, त्या प्रत्येकाच्या मस्तकी ऑलिव्हच्या डहाळीचे वेष्टन चढते, आणि एव्रोटास नदीचे पाणी त्यास पाजले जाते. पहिला आलेल्यासही तेच, आणि मुदत संपावयास पाच मिनिटे असताना लंगडत आलेल्यासही तेच.

आता हे साधते कसे, ते पाहू. छत्तीस तासांत २४६ किलोमीटर म्हणजे तासाला सात किलोमीटरांस थोडे कमीच. चपळ चालणारा मनुष्यही तासाला सहा किलोमीटर जातो. तेव्हा अडचण वेगाची नाही, इंधनाची आहे. धावताना दर किलोमीटरास शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे एक किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. साठ किलो वजनाच्या माणसास ह्या वाटेवर पंधरा हजारांच्या आसपास किलोकॅलरी लागतील. यकृतात व स्नायूंत जी साखर साठविलेली असते, तिच्यातून फार तर दोन हजार मिळतात. खाऊन भर घालावी, तर आतडी तासाला साठ ते नव्वद ग्रॅमच साखर शोषू शकतात. त्याहून अधिक पोटात घातले तर ते उलटून पडते. उरलेली तूट चरबीने भरून काढावयाची. चरबीचा साठा कृश माणसाजवळही पुष्कळ असतो. पण ती सावकाश जळते, आणि धावणारा जोर करू लागला की शरीर तिला बाजूस ठेवून पुन्हा साखरेकडे धाव घेते. म्हणून आरंभी, अंगात उमेद असताना, जो आपला वेग आवरतो तोच उत्तररात्री पायावर उभा असतो. पहिल्या तासात शंभर जणांस आपल्यापुढे जाऊ देणे हे तरुण माणसास किती कठीण जात असेल, ह्याची कल्पना आपल्या वार्षिक क्रीडासंमेलनातील लांब शर्यतीचा पहिला फेरा पाहिलेल्या कोणासही येईल.

पाण्याचेही तसेच. तहान लागली असता न पिणे घातक; परंतु भीतीपोटी नुसते पाणी पीत सुटणे त्याहूनही घातक ठरू शकते. रक्तातील मिठाचे प्रमाण उतरते, मेंदूस सूज येते, आणि मनुष्य शुद्ध हरपतो. उन्हात अंगणात खेळणाऱ्या मुलास आपल्या घरी लिंबाच्या सरबतात चिमूटभर मीठ घालून देतात, त्यात फार शहाणपण आहे.

दीडशे किलोमीटर ओलांडल्यावर पार्थेनियन डोंगर येतो. वर जाण्यास धड वाट नाही. दगडगोट्यांतून, दिव्याच्या उजेडात चढावे लागते. येथे कोणी धावत नाही, सारे चालतात. आणि त्यात कमीपणाही नाही. चढणीपेक्षा पायांस खरा मार बसतो तो उतारावर. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, त्यामुळे त्यांचे तंतू फाटतात. जिना चढून आल्यावर नव्हे, तर गड उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या का धरतात, त्याचे कारण हेच. फिडिपिडीसला ह्याच डोंगरावर पॅन नावाचा ग्रीक देव भेटला व त्याने त्यास नावाने हाक मारली, असे हेरोडोटस सांगतो. रात्रभर झोपेवाचून धावणाऱ्यांस झाडांच्या जागी माणसे दिसतात व नसलेले आवाज ऐकू येतात, हे आज अनेक धावपटूंच्या अनुभवाचे आहे. तो देव कोठून आला असावा, ते वाचकांनीच ठरवावे.

ग्रीसमधील हा पराक्रम बहुतांशी सडकेवरचा होता. पुढे श्री. डिसूझा ह्यांचा ओढा उंच पर्वतांकडे अधिक झाला. मनालीजवळचे फ्रेंडशिप नावाचे शिखर सुमारे ५,२८९ मीटर उंच आहे. गिर्यारोहक तंबू टाकीत, मुक्काम करीत ते चढतात; श्री. डिसूझा ह्यांनी ते थोडक्या वेळात धावत चढून उतरण्याचा उपक्रम केला. ह्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबाच्या जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तितकाच कमी. तेथे राहून रक्तातील तांबड्या पेशी वाढू देणे, ह्यास दुसरा उपाय नाही. सपाटीवरच्या माणसाने मनालीस बिऱ्हाड का करावे, ते ह्यावरून उमगेल.

इतके वाचल्यावर पालक विचारतील की, हे वेड तर नव्हे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर टाळणे बरे नव्हे. २०२१ च्या मे महिन्याच्या २२ तारखेस चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरांची एक डोंगरी शर्यत झाली. १७२ जण धावावयास निघाले. दुपारी उंच भागात गारा, बर्फासारखा पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुटला. पुष्कळांच्या अंगावर तोकडे कपडे होते; वारा अडविणारे जाकीट बरोबर असलेच पाहिजे, असा नियम आयोजकांनी केला नव्हता. एकवीस जण गारठून मरण पावले. त्यांत लिआंग जिंग हा त्या देशातील अग्रगण्य धावपटूही होता. एका मेंढपाळाने सहा जणांस गुहेत नेऊन, शेकोटी पेटवून वाचविले. मेलेल्यांत बळाची किंवा धैर्याची उणीव होती, असे कोण म्हणेल? धावणाऱ्याचे अंग घामाने भिजलेले असते. तो थबकला आणि वारा लागला की शरीराची उष्णता झपाट्याने जाते. आधी हात बधिर होतात, मग बुद्धी. आणि बुद्धी बधिर झाल्यावर मागे फिरावे हे सुचतही नाही. त्या घटनेनंतर चीनमध्ये अशा शर्यती काही काळ बंद ठेवण्यात आल्या.

युरोपातील मोठ्या डोंगरी शर्यतींत पावसाळी जाकीट, दिवे, उब देणारे कपडे, पाणी व शिट्टी ही बरोबर असल्यावाचून धावपटूस पुढे सोडीत नाहीत, आणि वाटेत कोठेही पिशवी उघडून तपासतात. डॉक्टरांनी थांब म्हटले की थांबावेच लागते. मग तो पहिला असो की शेवटचा. अशा लांब शर्यतींत मुलांस घेत नाहीत, कारण वाढत्या हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेस असला अखंड आघात सोसत नाही. आपल्या विद्यार्थ्यांस तूर्त अंबाझरीच्या काठचा पहाटेचा एक फेरा पुरे आहे. आणि तोही एवढ्या वेगाने, की बरोबरीच्या मित्राशी बोलता आले पाहिजे.