तिथी चुकली, श्रद्धा राहिली

इसवी सन १८४४ च्या २२ ऑक्टोबरला, मंगळवारी, अमेरिकेतील न्यू यॉर्क आणि न्यू इंग्लंडच्या प्रांतांत हजारो माणसे घरांत आणि प्रार्थनामंदिरांत एकत्र जमून आकाशातून उतरणाऱ्या ख्रिस्ताची वाट पाहत बसली होती. त्यांपैकी कित्येकांनी शेतातले पीक काढलेच नव्हते, आणि कित्येकांनी देणीघेणी चुकती करून दुकाने बंद केली होती. कारण ज्या जगाचा दुसरा दिवस उगवणारच नव्हता, त्या जगासाठी कोठारे भरणे हा त्यांच्या लेखी अविश्वास ठरला असता. मध्यरात्र उलटली, पहाट झाली आणि नित्याचा सूर्य वर आला. अमेरिकेच्या धर्मेतिहासात या प्रसंगाला ‘महानिराशा’ असे नाव पडले आहे.

भाकीत खोटे ठरले की श्रद्धा लोपते, असा बुद्धिवाद्यांचा एक भाबडा समज असतो. ख्रिस्ती अंतकाळविचाराचा गेल्या दोन शतकांचा इतिहास त्या समजाची साक्ष देत नाही. या काळात तारखा मुक्रर करणारे आले आणि हरले. परंतु ज्यांनी तारीखच कागदावर घातली नाही, त्यांचे मत मात्र खंडखंडांतरी पसरले.

या विचाराची मूळ दप्तरे तीन: जुन्या करारातील दानीएलचे पुस्तक, नव्या करारातील प्रकटीकरण, आणि पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला धाडलेले पहिले पत्र. ख्रिस्त स्वर्गातून उतरेल, मृत श्रद्धावंत प्रथम उठतील आणि मग जिवंत असलेले त्यांच्यासह मेघांत वर घेतले जातील, असे पौल त्या पत्राच्या चौथ्या अध्यायात सांगतो. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने प्रकटीकरणातील सहस्र वर्षांच्या राज्याचा अर्थ चर्चच्या चालू युगाला लावला, आणि तेव्हापासून पाश्चात्त्य ख्रिस्ती जगाचा मुख्य प्रवाह पुनरागमन मानीत आला तरी त्याचा पंचांगी हिशेब मांडण्याच्या फंदात सहसा पडला नाही. हिशेब मांडला तो बहुधा कडेच्या पंथांनी.

विल्यम मिलर हा असाच एक हिशेबी मनुष्य. १७८२ साली जन्मलेला हा शेतकरी तरुणपणी ईश्वर मानणारा पण प्रकटित धर्म न मानणारा होता. १८१२ ला सुरू झालेल्या इंग्लंडविरुद्धच्या युद्धात तो कप्तान म्हणून लढला, आणि रणांगणावरून परतल्यावर बाप्टिस्ट श्रद्धेकडे वळला. पुढे शब्दसूची उशाशी घेऊन त्याने बायबल ओळीओळीने वाचून काढले. दानीएलच्या आठव्या अध्यायात पवित्रस्थान शुद्ध होण्यास दोन हजार तीनशे दिवसांची मुदत दिली आहे; भविष्यकथनातील एक दिवस म्हणजे एक वर्ष, हा जुना संकेत त्याने स्वीकारला आणि इराणच्या अर्तहशश्त बादशहाने यरुशलेमसंबंधी काढलेल्या फर्मानाचे वर्ष, म्हणजे इसवी सनापूर्वी ४५७, हा आरंभ धरला. वजाबाकी केली तेव्हा उत्तर १८४३ आले. इसवी सनापूर्वीच्या आणि नंतरच्या वर्षांमध्ये शून्य वर्ष नसते हे ध्यानात आल्यावर एक वर्ष वाढले. गणितात त्याखेरीज खोट नव्हती. खोट होती ती गणित कशाचे करावे या गृहीतात.

मिलरने १८३१ पासून प्रवचने सुरू केली. परंतु या ग्रामीण उपदेशकाची चळवळ झाली ती बॉस्टनचा पाद्री जोशुआ हाइम्स १८४० च्या सुमारास त्याला मिळाला तेव्हा. वृत्तपत्रे निघाली, प्रचंड तंबूंत सभा भरू लागल्या, आणि दानीएलच्या श्वापदांची चित्रे व वर्षांचे आकडे एकाच कापडावर दाखविणारे तक्ते गावोगाव टांगले गेले. स्वतः मिलर वर्षापलीकडे जाण्यास नाखूश होता. मार्च १८४३ ते मार्च १८४४ अशी त्याने दिलेली मुदत टळल्यावर, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशरमधील एक्झिटर येथील मेळाव्यात सॅम्युएल स्नो याने यहुद्यांच्या प्रायश्चित्तदिनाच्या आधारे २२ ऑक्टोबर ही नेमकी तिथी काढली. अनुयायांनी ती झपाट्याने उचलली; मिलरने ती शेवटच्या पंधरवड्यात, ऑक्टोबरात, मान्य केली. पांढरे झगे घालून भाविक टेकड्यांवर चढले, ही कथा मात्र विरोधकांच्या विनोदाची पैदास. तिला भरवशाचा पुरावा सापडत नाही.

मिलरने तारखेची चूक कबूल केली, पण पुनरागमन जवळ आहे ही निष्ठा १८४९ साली डोळे मिटेपर्यंत सोडली नाही. त्याचे अनुयायी विखुरले. काहींनी नव्या तारखा काढल्या आणि पुन्हा फसले. हायरम एडसन आणि त्याच्या साथीदारांनी मात्र निराळा तोडगा काढला: दिवस बरोबर होता, चुकले ते स्थळ, शुद्ध व्हावयाचे पवित्रस्थान पृथ्वीवरचे नसून स्वर्गातले होते, आणि ख्रिस्ताने त्या दिवशी तेथील कार्यास आरंभ केला. ज्याची तपासणी कोणत्याही मानवी कचेरीत होऊ शकत नाही अशा दप्तरात ती घटना रुजू झाल्यावर श्रद्धेला मोडण्याचे कारण उरले नाही. या मंडळींतूनच १८६३ साली सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट चर्चची रीतसर स्थापना झाली. पुण्यात औंध परिसरात स्पायसर नावाची जी प्रसिद्ध शिक्षणसंस्था आहे ती याच चर्चची. रुग्णालये आणि शाळा बांधणारा हा पंथ उद्याचा दिवस नाकारणाऱ्यांच्या पोटी जन्मला, हा इतिहासाचा न्याय लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मिलर आकड्यांत गुंतला होता त्याच सुमारास आयर्लंडमध्ये जॉन नेल्सन डार्बी हा कायदा शिकून पुढे पाद्री झालेला तरुण दुसरीच बांधणी करीत होता. डार्बीच्या मते ईश्वराचे इस्राएलशी असलेले व्यवहार आणि चर्चशी असलेले व्यवहार हे दोन स्वतंत्र खातेउतारे होत. दानीएलच्या सत्तर सप्तकांपैकी एकोणसत्तर पुरी झाली, त्यानंतर घड्याळ थांबले, आणि शेवटचे सप्तक, म्हणजे सात वर्षांचे महासंकट, अद्याप यावयाचे आहे. त्या संकटापूर्वी ख्रिस्त आपल्या मंडळीला गुप्तपणे वर उचलून घेईल. आज ज्याला रॅप्चर म्हणतात तो हाच सिद्धांत. हे उचलणे कोणत्याही क्षणी घडू शकते, म्हणून त्याची तिथी नाही. आणि तिथी नाही म्हणून ती टळूही शकत नाही. डार्बीच्या ब्रदरेन मंडळींचा आरंभीचा एक धुरीण, इंग्लंडमधील एक्झिटरचा दंतवैद्य अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज, बगदादमार्गे १८३३ साली मुंबईत उतरला होता, एवढा या विचारवर्तुळाचा आपल्या किनाऱ्याशी जुना संबंध.

डार्बीने अमेरिकेत वारंवार प्रवास केला. परंतु त्याचे मत घराघरांत पोचविले ते सायरस स्कोफील्डच्या १९०९ च्या सटीप बायबलाने. मूळ वचन वर आणि टीप खाली, एकाच पानावर छापल्यामुळे सामान्य वाचकाच्या मनात दोहोंचा अधिकार सारखाच झाला. १९४८ साली इस्राएल राष्ट्र उभे राहिले तेव्हा या मताच्या लोकांना आपल्या नकाशावर शिक्का उमटल्यासारखे वाटले. १९७० मध्ये हॅल लिंडसेच्या पुस्तकाने अणुयुद्ध व शीतयुद्ध त्या नकाशात बसविले, आणि १९९५ पासून टिम लाहे व जेरी जेंकिन्स यांच्या कादंबरीमालेने तोच नकाशा कोट्यवधी वाचकांपुढे ठेवला. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक जुनी प्रॉटेस्टंट चर्चे हे दुहेरी आगमन, आधी गुप्त आणि मग उघड, मानीत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

तारखेचा मोह तरीही सुटला नाही. एडगर व्हिझनंट या अमेरिकन अभियंत्याने १९८८ मध्ये मंडळी वर उचलली जाईल याची अठ्ठ्याऐंशी कारणे छापली. दक्षिण कोरियात दामी मिशनच्या ली जांग-रिमने २८ ऑक्टोबर १९९२ ही तारीख दिली. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, आणि त्याच्या स्वतःच्या संग्रहात मात्र पुढील वर्षी मुदत भरणारे रोखे सापडून तो फसवणुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. २१ मे २०११ ही तारीख रेडिओवरून सांगणारा हॅरल्ड कॅम्पिंग त्यानंतर पाच महिन्यांनी पुन्हा चुकला, आणि शेवटी त्याने तारखा काढणे गैर होते असे मान्य केले.

आपल्या पंचांगाने कलियुगाला चार लक्ष बत्तीस हजार वर्षे दिली आहेत, त्यांतली जेमतेम पाच हजार गेली; तेव्हा प्रलयासाठी शेत पडीत ठेवण्याचा प्रसंग आपल्यावर येत नाही, असे वाटू लागते. पण १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रहीच्या, म्हणजे आठ ग्रह एका राशीत येण्याच्या, धास्तीने देशभर झालेले होमहवन आठवले की तो अभिमान ओसरतो. युग कितीही लांब असो, भयाला जवळची तिथी लागते.

अशी तिथी देणाऱ्यांतही मिलर आणि ली यांना मात्र एका पंक्तीस बसवू नये. पहिला प्रामाणिक होता, दुसरा नव्हता. परंतु अनुयायांचे नुकसान दोघांच्याही तिथीने केले. तो दिवस व ती घटका कोणालाच ठाऊक नाही, हे मत्तयाच्या शुभवर्तमानात स्वतः ख्रिस्ताच्याच मुखी आहे, आणि डार्बीचा पंथ टिकला तो निदान एवढ्यापुरता त्या वचनाला धरून राहिला म्हणून. वाचकाने अशा कोणाही भविष्यवेत्त्याचे गणित तपासण्याच्या भानगडीत पडू नये. त्याने सांगितलेल्या तारखेनंतरच्या मुदतीचे रोखे त्याच्या पेटीत आहेत की नाहीत, तेवढे मात्र अवश्य तपासावे.