हिमालयात निघालात? आधी विजार पाहा!

एप्रिल उजाडला की आमच्या दवाखान्यात एक वेगळ्याच प्रकारचा 'पेशंट' येऊ लागतो. ताप नाही, खोकला नाही. चेहऱ्यावर उत्साह आणि हातात छापील फॉर्म! हिमालयातल्या ट्रेकसाठी डॉक्टरांचा दाखला हवा असतो. परवा असेच आपल्या कॉलेजातले चौघे आले. मी नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, छाती तपासली, दम्याची आणि फिटची विचारपूस केली. सगळे ठणठणीत. सही करण्याआधी मी नेहमीचा प्रश्न विचारला, "पँट कोणती नेणार?"

चौघे एकमेकांकडे पाहून हसले. एक जण म्हणाला, "जीन्स, सर. दोन-दोन घेतल्यात. जाड असते ना! आणि जॅकेट तर एकदम भारीतलं आहे."

वाचकहो, हा प्रश्न मी गंमत म्हणून विचारत नाही. त्यामागे एक जुना प्रसंग आहे आणि त्यातली चूक माझीच होती.

सार पासच्या वाटेवर

मे १९९६. मी नुकताच दवाखाना थाटला होता. सुट्टी काढून हिमाचल प्रदेशातल्या कसोलहून सार पासच्या ट्रेकला गेलो. ही खिंड सुमारे १३,८०० फुटांवर आहे. तिच्या आदला मुक्काम नगारूचा, साधारण साडेबारा हजार फुटांवर. नगारूच्या चढावर सकाळपासून रिमझिम सुरू झाली आणि दुपारी पावसात बर्फ मिसळले. वाराही सुटला.

आमच्या तुकडीत एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. अंगात आईने विणलेला जाड स्वेटर, वर चांगले विंडचीटर आणि खाली जीन्स. दुपारपर्यंत ती मांड्यांपर्यंत भिजून पायांना चिकटली. सकाळी गाणी म्हणणारा हा पोरगा हळूहळू गप्प झाला. मागे पडू लागला. मी विचारपूस केली तर खेकसला. दोनदा सपाटीवर अडखळला. मी तुकडीतला एकमेव डॉक्टर. मी म्हणालो, "दमलास रे. ग्लुकोज घे, चल."

मुक्कामावर पोचल्यावर तो तंबूबाहेर दगडावर बसून राहिला. विंडचीटरची चेन त्याच्या बोटांनी उघडेना. "झोपू द्या, सर," एवढेच जड जिभेने म्हणाला. मघाची कुडकुड थांबली होती. मला वाटले, चला, बरे वाटतेय!

तेवढ्यात आमचा पहाडी वाटाड्या आला. त्याने मुलाच्या मांडीला हात लावला आणि काही न बोलता दोघांच्या मदतीने त्याला उचलून तंबूत नेले. ओली जीन्स कशीबशी ओढून काढली, अंग पुसले, स्वतःची घरच्या लोकरीची विजार त्याला चढवली. खाली सतरंज्या, वर दोन स्लीपिंग बॅगा. पोरगा नीट बोलू लागला, पेला स्वतः धरू लागला, तेव्हा गोड चहा, घोटघोट. बऱ्याच वेळाने त्याला पुन्हा जोराची हुडहुडी भरली, तेव्हा वाटाड्या हसला. आता धोका टळला!

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. परीक्षेत ज्यावर मी पानभर उत्तर लिहिले होते, तो हायपोथर्मिया माझ्यासमोर दगडावर बसला होता आणि मी त्याला ग्लुकोज देत होतो. मुलगा वाचला. दुसऱ्या दिवशी खिंडीकडे न जाता सोबत देऊन त्याला खाली पाठवले. पण 'मी सकाळीच ती जीन्स पाहिली होती' ही टोचणी आजही जात नाही.

शरीराची शेगडी

आपल्या शरीराच्या आतले तापमान साधारण ३७ अंश सेल्सियस असते. ते ३५ अंशांच्या खाली घसरले की त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. प्रथम कुडकुड सुरू होते. स्नायू थरथरून उष्णता निर्माण करतात, म्हणजे शेगडी पेटलेली असते. मग बोटे बधिर होतात, पाय अडखळतो, जीभ जड होते, माणूस चिडचिडा किंवा अबोल होतो. आणखी घसरण झाली की कुडकुड थांबते आणि गुंगी येते. ही विश्रांती नव्हे, शेगडी विझू लागल्याची खूण आहे. पुढे हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू येऊ शकतो.

यासाठी बर्फच लागतो असे नाही. पाऊस, वारा आणि थकवा हे त्रिकूट पुरते. इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागात मार्च १९६४ मध्ये सुमारे ४५ मैल चालण्याच्या एका स्पर्धेत थंड पावसा-वाऱ्याने तीन तरुणांचा बळी घेतला. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत असलेले शरीरशास्त्रज्ञ डॉ. ग्रिफिथ प्यू यांनी या घटनेचा अभ्यास केला. कपडे भिजले आणि वारा लागला की त्यांची ऊब फारच थोडी उरते, हे त्यांनी मोजून दाखवले.

छत्तीस टक्क्यांचा हिशेब

भाजलेला रुग्ण आला की आम्ही डॉक्टर 'नवाच्या नियमा'ने हिशेब करतो. या नियमानुसार एका पायाची कातडी सगळ्या शरीराच्या १८ टक्के धरतात. दोन्ही पायांची झाली ३६ टक्के! आपण छातीला स्वेटर, जॅकेट, मफलर असा सरंजाम करतो आणि एक तृतीयांशाहून अधिक शरीर ओल्या फडक्यात गुंडाळतो. शिवाय चालताना सर्वांत जास्त रक्त पायांच्या मोठ्या स्नायूंतून खेळते. ते थंड होऊन परत काळजाकडेच येणार ना?

कापूस आणि घोंगडी

कापड स्वतः ऊब देत नाही. त्याच्या धाग्यांत अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. कापूस पाणी पितो, हवेची जागा पाणी घेते आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. उन्हाळ्यात सुती कपडा गार वाटतो तो याच गुणामुळे. तोच गुण थंडीत दुर्गुण ठरतो.

आमच्या गल्लीतल्या वाण्याच्या काट्यावर मी एकदा गंमत केली. कोरडी जीन्स पाऊण किलोच्या आसपास भरली. बादलीत बुडवून, घट्ट पिळून पुन्हा टाकली तर सव्वा किलोच्या वर! मुलाची पॉलिएस्टरची खेळायची पँट मात्र पिळल्यावर जेमतेम शंभर ग्रॅमने वाढली आणि दोरीवर दुपारपर्यंत वाळली. जीन्स दुसऱ्या दिवशीही कमरेपाशी दमटच. हा प्रयोग आपणही घरी करून पाहा.

लोकरीचे तंत्र निराळे. तिचा धागा आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा शोषूनही अंगाला ओला लागत नाही आणि कुरळेपणामुळे हवा सोडत नाही. आपले धनगर बांधव भर पावसात घोंगडीची खोळ घेऊन मेंढरांमागे उभे राहतात, ते उगीच नव्हे. दोष एकच. जाड लोकर जड असते आणि सावकाश वाळते. म्हणून पाठीवर बोजा घेऊन चालणाऱ्याने ती पातळ निवडावी.

शिकाऱ्यांकडून एक धडा

थंड, ओल्या रानात तासन् तास काढणारा आणखी एक माणूस म्हणजे परदेशातला शिकारी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या विजारी पाहण्यासारख्या आहेत. स्कॉटलंडमध्ये हरणांमागे जाणारे लोक ट्वीडची, म्हणजे लोकरी कापडाची, गुडघ्याखाली आवळलेली विजार घालतात. न्यूझीलंडचे बरेच शिकारी पातळ, घट्ट थर्मल विजारीवर चक्क अर्धी चड्डी घालतात! ओढे ओलांडताना भिजणारे कापड जितके कमी, तितके वाळणे लवकर.

शिकारी चढ चढताना घामेजतो आणि मग एका जागी निश्चल बसतो. तेव्हाच थंडी त्याला गाठते. ट्रेकरचेही तसेच. चढताना घाम, थांबल्यावर गारठा. म्हणून एकच जाड विजार कधीही बरी नव्हे. पातळ थर हवेत, घालता-काढता येणारे.

मग घ्यावे काय?

आत : पातळ लोकरीची किंवा पॉलिएस्टरची थर्मल विजार. बाजारात 'थर्मल' म्हणून मिळणाऱ्या कित्येक विजारी कापसाच्या असतात, तेव्हा आतली पट्टी वाचूनच पैसे द्या. मुलींनी कॉटनची लेगिंग आणि सुती सलवार घरीच ठेवावी.

मधे : नायलॉन किंवा पॉलिएस्टरची सैलसर, हलकी पँट. दुकानात घालून एक पाय खुर्चीवर ठेवून पाहा. गुडघ्यात ताणली तर नको. घट्ट कपड्यात हवेला जागा राहत नाही. नवी घेणे परवडत नसेल तर वडिलांच्या जुन्या सुटाची टेरीवुलची पँट शोधा. पॉलिएस्टर आणि लोकर यांचे ते मिश्रण ट्रेकला उत्तम चालते.

वर : पाऊस-वारा अडवणारी हलकी विजार, बुटांवरून चढेल अशी. पावसाला सुरुवात होतानाच घाला, भिजल्यावर नव्हे. पाऊस थांबला की काढा, नाही तर आत घामाने भिजाल.

रात्रीसाठी : एक उबदार, कोरडी विजार प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावी. ती फक्त झोपताना किंवा अडचणीच्या वेळी घालावी. सकाळी कितीही जिवावर आले तरी कालची दमट पँटच घालून निघावे. चालताना ती अंगावर वाळते.

एक सावधगिरी : नायलॉन, पॉलिएस्टर आगीजवळ वितळून कातडीला चिकटते. स्टोव्ह आणि शेकोटीपासून लांब राहा.

त्रास झालाच तर

सोबती गप्प झाला, अडखळू लागला, तर त्याला शर्टाचे बटण लावायला सांगा, एका रेषेत पावलाला पाऊल लावून चालायला सांगा. जमले नाही तर तिथेच थांबा. आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरडे घाला. जमिनीकडूनही थंडी शिरते, म्हणून खाली जाड अंथरूण हवेच. पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळू शकत असेल तरच गरम गोड पेय द्या. हातपाय चोळू नका, एकदम गरम पाण्यात किंवा शेकोटीशी नेऊ नका, दारूचा थेंबही देऊ नका. दारूने गरम वाटते, पण उष्णता कातडीवाटे निघून जाते. कुडकुड थांबून गुंगी आली असेल तर हळुवार हाताळा, आडवेच ठेवा आणि लवकरात लवकर रुग्णालयात पोचवा.

परवाच्या चौघांना हे सगळे सांगितले. बाहेर पेशंट ताटकळत होते, पण इलाज नव्हता. दाखल्यावर सही केली आणि नेहमीप्रमाणे मागच्या बाजूला हाताने एक ओळ लिहिली : 'प्रकृती उत्तम. जीन्स नेऊ नये.'

आपल्या घरातले कोणी या मे महिन्यात हिमालयात निघाले असेल, तर जाण्याआधी त्यांची सॅक एकदा उघडून पाहा. जीन्स दिसली तर रागवू नका. काढून कपाटात ठेवा आणि हे कात्रण तिथे ठेवून द्या.