ओळखा पाहू : तागावरचा केशरी पतंग

पावसाळ्यात अमरावती-अकोल्याकडे धुऱ्यावर, पडीकात खुळखुळा वाढतो. हिरवळीच्या खतासाठी ताग (बोरू) पेरला जातो. या झाडांना हात लागताच दिवसाही फडफडत उठतो तो हा पतंग.

शास्त्रीय नाव : अर्जिना ॲस्ट्रिया. ड्रुरी यांनी 1773 मध्ये वर्णन केले.

पतंग : पुढचे पंख केशरी-पिवळे, त्यांवर पांढऱ्या कड्यातले काळे ठिपके. मागचे पंख अधिक लालसर. तिथले काळे डाग वेडेवाकडे, बिनकड्याचे. मिशा दोऱ्यासारख्या; फुलपाखरासारखी टोकाला गाठ नाही.

अळी : काळी, अंगावर पांढरे आडवे पट्टे, कडेला तांबूस ठिपके, डोके तांबूस-तपकिरी. आधी पाने खाते, मग शेंग पोखरून आतले दाणे फस्त करते.

भडक रंग कशाला? या झाडांत पायरोलिझिडीन गटातली विषारी द्रव्ये असतात. अळी ती अंगात साठवते आणि ती पतंगातही उतरतात. ‘मला खाऊ नका’ हा इशारा पक्ष्यांना रंगातूनच मिळतो.

गल्लत टाळा : याच झाडांवर उटेथायसा हा भाऊबंदही असतो. त्याचे पुढचे पंख पांढरे, त्यांवर लाल-काळे ठिपके.

शेतकऱ्यांसाठी : ही पऱ्हाटीवरची बोंडअळी नव्हे. ताग फुलोऱ्यात येताच जमिनीत गाडायचा असेल, तर शेंगांच्या नुकसानीचा प्रश्नच नाही. बियाण्यासाठी राखलेल्या तागाच्या शेंगा मात्र तपासत राहा.