दिव्याची तसबीर

एक बाई उभी आहे. तिच्या एका हातात दिवा आहे. ज्योत विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा तिने धरला आहे. उजेड बोटांतून पाझरतो आहे. बोटे लालसर झाली आहेत. चेहऱ्यावर मऊ उजेड पडला आहे.

ही तसबीर तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असेल. शिरूरला असो की दौंडला, काचेची चौकट बसवून देणाऱ्याच्या दुकानात, जुन्या कॅलेंडरावर, नाही तर एखाद्याच्या ओसरीवर. ही कोणी काढली असे विचारले, की बहुतेक जण सांगतात, "राजा रविवर्म्यानं."

आम्हीही पुष्कळ वर्षे मुलांना वर्गात तसेच सांगत होतो. ते चूक होते. ती चूक आज दुरुस्त करतो.

असा समज का झाला, तेही सांगतो. रविवर्म्याने लक्ष्मी, सरस्वती यांची चित्रे काढली आणि ती छापून घरोघर पोचवली. त्याचा छापखाना आधी मुंबईस होता, मग आपल्याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ मळवलीला आला. तेव्हापासून भिंतीवरचे कोणतेही सुंदर चित्र म्हणजे रविवर्म्याचे, असे लोक धरून चालले. पण रविवर्मा वारला १९०६ साली, आणि ही दिव्याची तसबीर काढली गेली १९४५-४६ साली. मेलेला माणूस चाळीस वर्षांनी चित्र कसे काढील?

हे चित्र काढणाऱ्याचे नाव सावळाराम लक्ष्मण हळदणकर.

हळदणकरांचा जन्म १८८२ सालचा, कोकणातल्या सावंतवाडीचा. लहानपणापासून हातात चित्रकला होती. आपल्याकडे पोरगे भिंतीवर कोळशाने बैल काढू लागले, की बाप आधी पाठीत धपाटा घालतो. "असल्यानं पोट भरतंय व्हय?" म्हणतो. हळदणकरांचे नशीब बरे. सावंतवाडीच्या संस्थानिकांनी मदत केली, आणि १९०३ च्या सुमारास ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्ट या सरकारी चित्रशाळेत शिकायला गेले.

समोर माणूस बसवायचा आणि जसा दिसतो तसा काढायचा, ही तिथली शिकवण. सोपी वाटते, पण नाक जरा लांबले की तो माणूस दुसराच होतो. ही विद्या हळदणकरांनी पक्की केली. तैलरंग आणि जलरंग, दोन्हींवर हात बसवला. १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली. वय होते पंचविशीचे. १९१८ साली इतर चित्रकारांना घेऊन आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभी केली. म्हणजे स्वतः शिकत होते, तेव्हाच दुसऱ्यांनाही शिकवीत होते. शिकवताना माणूस दुप्पट शिकतो, हे आम्ही मास्तर लोक जाणतो.

आता जलरंग म्हणजे काय ते पाहू. नाही तर या चित्राची खरी गंमत कळायची नाही.

रंगाची बारीक पूड घेतात आणि ती डिंकात खलतात. हा डिंक बाभळीच्या जातीच्या झाडाचा असतो. त्याची वडी करतात. कुंचला पाण्यात बुडवून वडीवर फिरवला, की रंग सुटतो. तो कागदावर लावायचा. साहित्य एवढेच.

पण हा रंग चुन्यासारखा नसतो. भिंतीला चुना दिला, की खालचा डाग झाकतो. जलरंग काही झाकत नाही. तो रंगाऱ्याच्या हौदातल्या रंगासारखा असतो. पिवळे कापड निळ्या हौदात बुडवले, तर ते निळे होत नाही, हिरवे होते. तसेच इथे आहे. खालचा रंग वरच्या रंगातून दिसत राहतो. म्हणून आधी फिके रंग द्यायचे, मग गडद. एकदा गडद लागला, की पुन्हा पहिल्यासारखा फिका करणे फार कठीण. तैलरंगात चुकले, तर वाळल्यावर वरून दुसरा रंग देता येतो. जलरंगात ती सोय जवळजवळ नाही.

आणखी एक अडचण आहे. पावसाने भिजलेली काळी जमीन किती गडद दिसते! वाळली, की तीच फिकट होते. जलरंगही वाळल्यावर फिका पडतो. तेव्हा उद्या किती फिका होईल, ते आजच ओळखून रंग लावावा लागतो. कागद जास्त ओला असला, तर बांध फुटल्यासारखा रंग पसरतो. एकदा आम्ही हौसेने घोड नदीच्या काठी रंगाची पेटी घेऊन बसलो होतो. आमचे आभाळ खाली वाहत आले आणि नदीत मिसळले! पोरे हसली. आम्हीही हसलो.

मग पांढरा रंग कुठून आणायचा? इथेच खरी मेख आहे. जलरंगाचे जुने जाणकार पांढरा रंग सहसा लावीतच नाहीत. जिथे उजेड दाखवायचा, तिथला कागद कोरा ठेवायचा. कागदाचा पांढरेपणा हाच उजेड. म्हणजे पहिला कुंचला टेकवण्याआधीच उजेड कुठे पडणार, ते मनात ठरलेले पाहिजे.

आता पुन्हा त्या तसबिरीकडे वळू. हकीकत सांगतात ती अशी. दिवाळीचे दिवस होते. हळदणकरांची कन्या गीता हातात दिवा घेऊन येत होती. वडिलांनी पाहिले आणि तिला तशीच उभी राहायला सांगितले. बापाच्या चित्रापायी लेकीला कितीतरी वेळ हात न हलवता उभे राहावे लागले! हळदणकरांची तेव्हा साठी उलटून गेली होती. तैलरंगात हे चित्र सोपे गेले असते. पण जलरंगातही चूक न करता चित्र पुरे करता येते, हे त्यांना दाखवायचे होते, असे म्हणतात. अंधार आहे, एकच दिवा आहे, आणि तोही हाताआड. बोटांच्या कडेला उजेड थोडा जास्त झाला तर खोटा दिसेल. कमी झाला तर दिवा विझल्यासारखा वाटेल. चाळीस वर्षे रोज हात घासला होता, तो इथे उपयोगी आला. आमच्या वयाची माणसे म्हणतात, आता आमच्याकडून काय होणार! हळदणकरांचे सर्वांत नावाजलेले काम याच वयातले आहे.

१९६८ साली हळदणकर वारले. तसबिरीतल्या गीताबाई उपळेकर पुढे कोल्हापुरास राहत होत्या. २०१८ साली त्या वारल्या, तेव्हा त्यांचे वय १०२ वर्षांचे होते.

मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्याच राजवाड्यात रविवर्म्याचीही चित्रे आहेत. त्यामुळे घोटाळा आणखी वाढला. दौंडहून सोलापूरमार्गे दक्षिणेकडे जाणारी गाडी बंगळूरला नेते. तिथून म्हैसूर जवळ आहे. कधी गेलात, तर चित्रापुढे जरा थांबा. दिवा चितारीने कुठे रंगवला आहे आणि कागद कुठे तसाच राखला आहे, ते शोधा.

तोवर घरच्या तसबिरीची काच पुसून पाहा. कोपऱ्यात किंवा खाली काही अक्षरे असतील, तर ती वाचा. रविवर्म्याचे नाव छापलेले निघाले, तर ते खोडून हळदणकरांचे नाव लिहा.