स्टुडिओची खिडकी उत्तरेला का?

काल मैत्रिणीच्या नव्या स्टुडिओत गेले होते. ईझल दक्षिणेच्या खिडकीपाशी. सकाळी जुळवलेला निळा दुपारी वेगळाच दिसतो, ही तिची तक्रार.

ईझल उत्तरेच्या खिडकीपाशी नेलं. तिथे वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, प्रकाश स्थिर राहतो. पुण्या-मुंबईत मात्र मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यही माथ्याच्या उत्तरेला असतो. तेव्हा पातळ पांढरा पडदा हवाच.

रात्रीसाठी ५००० केल्विनचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचा दिवा घ्या. भिंती फिक्या राखाडी.

आणि रंगकामात जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटू शकतात! बाहेर मोकळ्या पसरून वाळवा.

तुमची खिडकी कुठल्या दिशेला आहे? कमेंटमध्ये सांगा, काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.