शेगडी अंगणातच बरी

परसात निखारे फुलवून कोंबडी भाजणे ही माझी कॉलेजपासूनची हौस. हळद, मीठ, आले-लसूण लावून मुरवलेले तुकडे सळईला लावायचे. ज्वाळा बसून कोळशावर पांढरी राख धरली की मगच भाजायला घ्यायचे. ज्वाळेवर मांस वरून करपते, आत कच्चे राहते. करपलेला भाग मी काढून टाकतो. त्यात कर्करोगाला कारण ठरू शकणारी द्रव्ये असतात.

एवढी काळजी घेणारा मी एकदा मात्र फसलो. अवकाळी पाऊस आला म्हणून पेटती शेगडी मागच्या खोलीत आणली, दार-खिडक्या लावून घेतल्या. अर्ध्या तासात माझे डोके जड झाले, सौभाग्यवतींना मळमळू लागले. मी म्हणालो, "पित्त झाले असेल." मुलगा चक्कर येऊन भिंतीला टेकला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळे बाहेर पडलो, म्हणून बचावलो.

धूर नसलेल्या निखाऱ्यातूनही कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस कित्येकदा जागा होतच नाही.

तेव्हा शेगडी उघड्यावरच ठेवा. थंडीत ऊब म्हणूनही ती खोलीत घेऊन झोपू नका. शेगडीजवळ बसलेल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर गोळी शोधू नका. आधी मोकळ्या हवेत या आणि प्राणवायूची सोय असलेले रुग्णालय गाठा.

पाऊस आलाच, तर कोंबडी खुशाल भिजू द्या.