वाळायला हवेत दोन दिवस

उत्तर नायजेरियाच्या सपाट माळावर मध्येच ग्रॅनाइटचे उघडेबोडके डोंगर उभे आहेत. त्यांच्या पाठीवर उथळ खळगे असतात. कोकणातल्या कातळसड्यांवर पावसाळ्यात डबकी साचतात, तशीच ही साचतात. पण तिथला पाऊस लहरी. एक सर येते, खळगा भरतो आणि उघडीप मिळाली की तळाशी वाळका गाळ तेवढा उरतो. एकाच पावसाळ्यात असं अनेकदा घडतं. पुढचा कोरडा ऋतू तर आठ-आठ महिने लांबतो. माशांची इथे टिकायची सोयच नाही. एका कीटकाची अळी मात्र याच गाळात वाढते. त्याचं नाव पॉलिपेडिलम व्हँडरप्लँकी.

हा डासांच्या भावकीतला, पण चावणारा नव्हे. पंख फुटलेला कीटक जेमतेम काही दिवस जगतो. आयुष्याचा खरा काळ अळीचा. पूर्ण वाढलेली अळी सुमारे ७ मिलिमीटर लांब, बिनपायांची म्हणावी अशी. पुढे आणि मागे आखूड, मांसल पायांची एकेक जोडी तेवढी असते. रंग लाल, कारण तिच्या रक्तात हिमोग्लोबिन आहे. श्वास त्वचेतूनच. तोंडातून स्रवणाऱ्या चिकट रसात माती आणि कुजका पालापाचोळा बांधून ती स्वतःभोवती नळी विणते. या नळीकडे नीट पाहायला हवं, कारण अळीचं जगणं-मरणं तिच्यावर अवलंबून आहे.

ब्रिस्टल विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ हॉवर्ड हिंटन यांनी १९५१ मध्ये या जातीचं वर्णन केलं आणि पुढे वाळलेल्या अळ्यांवर प्रयोग केले. अशी अळी १०२ अंश सेल्सिअसला मिनिटभर तग धरते, उणे २७० अंशांतूनही वाचते. १७ वर्षं कोरडी राहिलेली अळी पाण्यात टाकल्यावर पुन्हा हलल्याची नोंद आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेरच्या अंगाला वर्षाहून अधिक काळ राहिलेल्या अळ्याही जगल्या. बातम्या होतात त्या या विक्रमांच्या. मला मात्र वाळण्याची रीत जास्त थक्क करते.

अळी झटपट वाळवली तर मरते. तिला सुमारे ४८ तास लागतात. पाणी आटू लागलं की शरीरातल्या क्षारांचं प्रमाण वाढतं आणि तोच इशारा ठरतो. साठवलेल्या ग्लायकोजेनपासून ट्रेहॅलोज नावाची साखर बनू लागते, रक्तावाटे अंगभर पसरते आणि शेवटी कोरड्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा व्यापते. पाणी जेमतेम ३ टक्के उरतं. पेशींमधली पाण्याची जागा ही साखर घेते आणि गोठून काच व्हावी तशी घट्ट होते. त्यामुळे प्रथिनं आणि पेशींची आवरणं जागच्या जागी राहतात. एवढं सगळं उरकायला सवड मिळते ती नळीमुळे. तिच्या आत ओल हळूहळू कमी होते.

या तयारीचा हुकूम मेंदू देत नाही. त्सुकुबा इथल्या जपानी संशोधकांनी मेंदू काढलेल्या अळ्या वाळवल्या, तरी त्या पाण्यात पडल्यावर पुन्हा हालचाल करू लागल्या. म्हणजे प्रत्येक पेशी आपापल्या परीने कोरड्या दिवसांची तयारी करते. हे वाचल्यावर मला कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं. वाळताना डीएनएचे तुकडेही पडतात. पाणी मिळाल्यावर तासाभरात अळी हलू लागते, पण डीएनएची डागडुजी त्यानंतर तीन-चार दिवस चालते.

या जातीच्या भ्रूणांपासून तयार केलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाळवून साठवता येतात. लशी आणि विकरं शीतपेटीविना टिकवायची वाट यातून सापडेल, अशी आशा संशोधकांना आहे. मलावीतल्या खडकांवर तिची जवळची नातलग जातही सापडली; २०१७ मध्ये तिला पॉलिपेडिलम पेंबाय हे नाव मिळालं.

पण वाळून जगण्याची ही ताकद फक्त अळीकडे आहे. अंडी, कोष आणि पंखवाला कीटक यांना ती नाही. त्यामुळे अंड्यापासून पंखापर्यंतचा पल्ला खळगा ओला असतानाच गाठावा लागतो, आणि वाळायची वेळ आलीच तर पाण्याने दोन दिवस तरी दम धरायला हवा. या भागांत उन्हाचा ताव वाढून उथळ खळगे आणखी भराभर आटू लागले, तर विणलेली नळी ओल किती वेळ धरून ठेवू शकेल, हे आत्ताच मोजायला घ्यावं.